विंडोज सुरू होत नसेल, तर फायली सुखरूप बाहेर कशा काढाव्यात

संगणक सुरू केल्यावर निळा पडदा येतो, किंवा ठिपक्यांचे वर्तुळ तासभर फिरत राहते, किंवा 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची सूचना पुन्हा पुन्हा येऊन यंत्र तिथेच अडकते. दुकानात नेले की बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते असे : "फॉरमॅट मारावा लागेल." या वाक्याला होकार देण्यापूर्वी काय करता येते, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

विंडोज बंद पडणे आणि फायली नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. पण त्यांच्यातील कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब जागच्या जागी होते. घरगुती संगणकातही बहुधा असेच असते. घरच्यांचे आणि परिचितांचे बंद पडलेले संगणक हाताळताना माझ्या पाहण्यात आले ते हे, की फायली गेल्या त्या बहुतेक वेळा घाईने केलेल्या दुरुस्तीत गेल्या. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत : फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाऊन ती तपासून होईपर्यंत आजारी संगणकाच्या डिस्कवर काहीही लिहू द्यायचे नाही.

हे विवेचन विंडोज १० आणि ११ असलेल्या लॅपटॉप व डेस्कटॉपसाठी आहे. मॅकची गोष्ट निराळी आहे.

जवळ काय हवे

- इंटरनेट असलेला दुसरा, चालू स्थितीतील संगणक. मित्राचा किंवा कार्यालयातला चालेल.
- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह. यावरचे सर्व काही पुसले जाणार आहे, म्हणून तो रिकामा असावा.
- फायली ठेवण्यासाठी एक्स्टर्नल हार्डडिस्क. आपल्या फायली जेवढी जागा व्यापतात त्याच्या दीडपट तरी जागा तिच्यावर मोकळी असावी.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल व पासवर्ड, आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइल.
- लॅपटॉपचा चार्जर. डेस्कटॉप असल्यास शक्यतो यूपीएस. कॉपी अर्ध्यावर असताना वीज जाणे परवडणारे नाही.
- विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवान्याचे कागद किंवा सिरियल नंबर. टॅली, श्रीलिपी यांसारखी सॉफ्टवेअर नंतर पुन्हा टाकावी लागतील.

१. आधी काय करू नये

निळ्या पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय फार आश्वासक वाटतो. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडले तर सगळे पुसले जाते, हे उघड आहे. 'कीप माय फाइल्स' निवडले तर वापरकर्त्याच्या फोल्डरातील फायली राहतात, पण बसवलेली सॉफ्टवेअर काढून टाकली जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांनी स्वतःच्या फोल्डरात साठवलेला डेटाही जाऊ शकतो. शिवाय डिस्कच खराब होत आली असेल, तर ही लांबलचक प्रक्रिया मध्येच कोलमडू शकते. हा पर्याय वाईट नाही. त्याची पाळी प्रत घेतल्यानंतर येते.

'चेकडिस्क'ची आज्ञा देण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. ती फायलींची मांडणी दुरुस्त करते, म्हणजेच डिस्कवर लिहिते, आणि ज्या तुकड्यांचा धागा तिला लागत नाही ते 'फाउंड' नावाच्या फोल्डरात निनावी करून टाकते. विंडोज पुन्हा उभी करणे हे तिचे काम आहे. आपल्याला आत्ता फायली हव्या आहेत.

यंत्राला कान लावून ऐका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करा आणि थेट नवव्या पायरीकडे जा.

२. बिटलॉकरची किल्ली हाती घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर इथेच अडकतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क विंडोजच्या 'बिटलॉकर' या सोयीने आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, झालेली असते. आपण काही सुरू केल्याचे आठवत नसले तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रथम लॉगिन केले तेव्हाच ते झालेले असते, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलेल्या यंत्रांवर याचे प्रमाण आणखी वाढले आहे. विंडोज नीट चालू असेपर्यंत हे कुलूप जाणवतही नाही. ती बंद पडली, किंवा बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ व्यवस्थेतील) एखादी सेटिंग बदलली, की निळ्या पडद्यावर ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते.

दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा आणि उपकरणांच्या विभागात आपल्या संगणकाच्या नावाखाली बिटलॉकरच्या किल्ल्या पाहा. तिथे एकाहून अधिक किल्ल्या असू शकतात. अडलेल्या संगणकाच्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरे ज्या किल्लीशी जुळतात ती आपली. ४८ अंक कागदावर उतरवून घ्या, आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावून पडताळा.

किल्ली आपल्या खात्यात नसेल, तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला ते आठवा. घरातील मुलाच्या किंवा भावाच्या खात्याने तो सुरू केला असेल, तर किल्ली त्यांच्या खात्यात असते. कंपनीचा किंवा महाविद्यालयाचा लॅपटॉप असेल, तर तेथील संगणक विभागाकडे. किल्ली कुठेच सापडली नाही, तर कुलूपबंद डिस्कमधील फायली काढण्याचा दुसरा मार्ग नाही. "काहीतरी करून उघडून देतो" असे सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

३. थोड्याच फायली असतील तर : नोटपॅडचा मार्ग

फायली मोजक्या असतील आणि निळा दुरुस्ती-पडदा येत असेल, तर पेनड्राइव्ह तयार करण्याचीही गरज पडत नाही. पडदा आपोआप येत नसेल, तर विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे; असे दोन-तीन वेळा केल्यावर तो येतो. त्यावर 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा. काळ्या खिडकीत नोटपॅड हे नाव इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा.

नोटपॅड उघडले की त्याच्या 'फाइल' मेनूतील 'ओपन' निवडा आणि खालच्या खणात 'ऑल फाइल्स' करा. ते केले नाही तर फोल्डर रिकामे दिसतात आणि उगाच पोटात गोळा येतो. आता ही छोटी चौकट फायली पाहण्याच्या खिडकीसारखी वापरता येते : हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, एक्स्टर्नल डिस्कवर जाऊन पेस्ट. येथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणजे नेहमीचा सी ड्राइव्ह डी या नावाने दिसू शकतो. तेव्हा अक्षराऐवजी आतील 'यूजर्स' फोल्डरवरून ओळख पटवा.

कॉपी चालू असताना किती झाले हे दाखवणारी पट्टी येत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी दिसते. एक्स्टर्नल डिस्कचा दिवा लुकलुकत आहे तोवर काम चालू आहे असे समजावे आणि कशालाही हात लावू नये. एका वेळी एकच फोल्डर घ्यावे. शंभर-दोनशे जीबींच्या छायाचित्रांसाठी हा मार्ग गैरसोयीचा आहे. त्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

४. लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करा

लिनक्स ही विंडोजसारखीच एक कार्यप्रणाली असून ती विनामूल्य मिळते, आणि ती संगणकावर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येते. नवख्या माणसासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो, कारण तिची मांडणी विंडोजच्या सवयीच्या डोळ्यांना परकी वाटत नाही आणि डाउनलोड साधारण तीन जीबीचे आहे. उबुंटूही चालेल, पण तिचे डाउनलोड बरेच मोठे असते.

चालू संगणकावर लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे सगळी कार्यप्रणाली एकत्र बांधलेली एकच फाइल, उतरवून घ्या आणि 'रुफस' हे छोटे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या. पेनड्राइव्ह जोडा, रुफसमध्ये तो व आयएसओ फाइल निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून काम होत नाही. त्यावरून संगणक सुरू होणार नाही. यादीतून पेनड्राइव्ह निवडताना नाव आणि आकार दोन्ही वाचावेत, कारण जे निवडाल ते पुसले जाणार आहे. त्या वेळी दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली नसली तर उत्तमच.

५. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा

पेनड्राइव्ह आजारी संगणकाला जोडून तो सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीची, कळ वारंवार दाबावी. डेल व लेनोवोवर ती सहसा एफ१२ असते, एचपीवर एफ९ आणि असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण काही वेळा आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन बूट मेनू सुरू करावा लागतो. यादीतून यूएसबीचे नाव निवडा. मिंट आणि उबुंटू 'सिक्युअर बूट' चालू असतानाही सुरू होतात, म्हणून ते बंद करण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. बायोसमधील असे बदल बिटलॉकरला जागे करतात.

थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप येतो. तिथे 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असे चिन्ह असते; त्याला हात लावायचा नाही. उबुंटू घेतली असल्यास 'ट्राय' निवडावे, 'इन्स्टॉल' नव्हे. ही एक गोष्ट सांभाळली तर लिनक्स केवळ संगणकाच्या स्मृतीत चालते आणि आतील डिस्क जशीच्या तशी राहते.

६. डिस्क उघडा

फायलींची खिडकी उघडल्यावर डावीकडे आतील डिस्कचे विभाग दिसतात. त्यांतला मोठा विभाग बहुधा विंडोजचा. त्यावर क्लिक केल्यावर कुलूप असेल तर किल्ली मागितली जाते. तेथे ते ४८ अंक मधल्या आडव्या रेघांसह टाका.

कधीकधी विभाग केवळ वाचण्यापुरता उघडतो, किंवा विंडोज 'हायबरनेट' स्थितीत असल्याचे सांगून उघडण्याचे नाकारतो. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'मुळे हे होते. केवळ वाचण्यापुरता उघडला तर ते आपल्या पथ्यावरच पडते, कारण आपल्याला लिहायचे नाहीच. पूर्ण नाकारले, तर लिनक्स जाणणाऱ्या माणसाकडून तो 'रीड ओन्ली' पद्धतीने जोडून घ्यावा. हायबरनेटची फाइल उडवण्याचा किंवा विभाग दुरुस्त करण्याचा उपाय इंटरनेटवर हमखास सापडतो. प्रत हाती येईपर्यंत तो करू नये.

आतील डिस्क यादीत दिसतच नसेल, तर काही इंटेल लॅपटॉपमध्ये ती 'रेड' किंवा 'आरएसटी' पद्धतीने जोडलेली असते. बायोसमध्ये ती पद्धत 'एएचसीआय' केल्यास डिस्क बहुधा दिसू लागते. मात्र यंत्रात ऑप्टेन स्मृती किंवा दोन डिस्कांची जोडणी असेल तर हा बदल स्वतः करू नये.

७. नेमके काय काय घ्यावे

'यूजर्स' फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स', 'व्हिडिओज' असतात. तेथे 'डेस्कटॉप' रिकामे दिसले तर दचकू नका. वनड्राइव्ह सुरू असेल तर 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' ही दोन्ही 'वनड्राइव्ह' फोल्डराच्या पोटात गेलेली असतात. मात्र वनड्राइव्हमधील काही फायली नावापुरत्याच डिस्कवर असतात आणि मजकूर इंटरनेटवर असतो. अशा फायली कॉपी करताना चूक दाखवतात. त्या वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर लॉगिन करून उतरवाव्यात.

इथपर्यंत सगळे घेतात. राहून जाते ते पुढचे.

टॅलीचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतो. तो टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात किंवा 'यूजर्स'मधील 'पब्लिक' फोल्डरात, 'डेटा' नावाच्या फोल्डराखाली असतो. आत पाच-सहा आकडी नावांची फोल्डरे असतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. 'डेटा' फोल्डर पूर्ण उचलावे, त्यातील निवडक फायली नव्हेत.

मराठी टंक, म्हणजे फाँट, हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि अनेक छापखान्यांत, वकिलांकडे व सोसायट्यांत अजूनही, मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या टंकांत टाइप होत आला आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांच्या फायली अशाच बंद संगणकातून काढून दुसऱ्यावर उघडल्या, तेव्हा ठरावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांच्या ओळीच्या ओळी होत्या. तक्त्यांच्या रेघा तेवढ्या जागेवर होत्या. फाइल शाबूत होती, टंक नव्हता. म्हणून 'विंडोज' फोल्डरातील 'फाँट्स' हे फोल्डर न विसरता कॉपी करा. नव्या संगणकावर ते टंक बसवले की मजकूर पुन्हा वाचता येतो.

ब्राउझर, ईमेल यांसारख्या सॉफ्टवेअरचा डेटा आपल्या नावाच्या फोल्डरातील 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असतो. मिंटमध्ये कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की ते दिसते. जागा असेल तर ते संपूर्ण घ्यावे. फायरफॉक्सचे प्रोफाइल फोल्डर दुसरीकडे नेले की साठवलेले पासवर्डही सोबत येतात, फक्त ते पूर्ण न्यावे लागते. क्रोमचे बुकमार्क मिळतात, पण साठवलेले पासवर्ड त्या विंडोज खात्याशी बांधलेले असल्यामुळे नुसत्या कॉपीने उघडत नाहीत. गुगल खात्याशी सिंक केलेले असतील तरच परत मिळतात. आउटलुकची पीएसटी फाइल बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधील 'आउटलुक फाइल्स'मध्ये सापडते.

शेवटी सी आणि डी या दोन्ही ड्राइव्हच्या मुळाशी एकेक नजर टाका. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' अशा नावांखाली माणसे काय काय ठेवतात, हे त्या वेळी कळते.

८. कॉपी करा आणि तपासा

एक्स्टर्नल डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची असावी. जुन्या फॅट३२ पद्धतीवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि लग्नाच्या चित्रीकरणाची फाइल नेमकी तिथे अडते. आधी ज्या फायली पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत त्या घ्या, मग उरलेल्या. 'कट' कधीही वापरू नका, नेहमी 'कॉपी'.

पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचे दिसले तरी लिनक्स मागे लिहीत असू शकते. म्हणून डिस्क उपटण्यापूर्वी तिच्या नावापुढील 'इजेक्ट'चे चिन्ह दाबून, आता काढायला हरकत नाही अशी सूचना येईपर्यंत थांबावे. त्यानंतर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून प्रत्येक मुख्य फोल्डरातील फायलींची संख्या व आकार मूळच्याशी ताडून पाहा, आणि प्रत्येक प्रकारच्या काही फायली प्रत्यक्ष उघडा : एखादे छायाचित्र, एखादी एक्सेलची फाइल, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत. फाइल यादीत दिसते एवढ्यावर विसंबू नये.

९. डिस्क बाहेर काढण्याची किंवा तज्ज्ञाकडे देण्याची वेळ

संगणक मुळात सुरूच होत नसेल, म्हणजे मदरबोर्ड किंवा पडदा गेला असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी साटा ते यूएसबी केबल पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. नव्या लॅपटॉपमधील पट्टीसारख्या एम.२ डिस्कसाठी वेगळी डबी मिळते; एनव्हीएमई आणि साटा हे दोन्ही प्रकार चालणारी घ्यावी. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच जोडलेली असते आणि ती काढता येत नाही.

जोडल्यावर विंडोज कधीकधी "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" अशा अर्थाची सूचना दाखवते. 'कॅन्सल' करा. 'स्कॅन अँड फिक्स' विचारले तर तेही नाकारा.

टक-टक वाजणारी किंवा वारंवार अदृश्य होणारी डिस्क घरी हाताळू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक ती आणखी खराब होऊ शकते, आणि ती उघडून पाहणे किंवा फ्रिजमध्ये ठेवणे यांसारखे उपाय उरलीसुरली आशाही घालवतात. डेटा रिकव्हरीचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे ती द्यावी. तपासणीचे शुल्क, एकूण अंदाज आणि डेटा न मिळाल्यास काय द्यावे लागेल, हे आधी लेखी घ्यावे.

कोणी फॉरमॅट आधीच मारला असेल, तर संगणक वापरणे ताबडतोब थांबवा. फिरत्या हार्डडिस्कवरून 'फोटोरेक' या विनामूल्य सॉफ्टवेअरने बऱ्याच फायली मिळू शकतात, जरी त्यांची मूळ नावे जातात. मिळालेल्या फायली मात्र दुसऱ्या डिस्कवर साठवाव्यात. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, 'ट्रिम' या सोयीमुळे पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते, म्हणून तेथे फार अपेक्षा ठेवू नये.

१०. आता विंडोज टाका

प्रत तपासून झाल्यावर रीसेट, चेकडिस्क, नवी विंडोज, काहीही करायला मोकळीक आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा यंत्र झेपणारे असेल तर विंडोज ११ टाकून घ्यावी.

दुकानात देत असाल, तर "डी ड्राइव्हला हात लावू नका" एवढे तोंडी सांगून भागत नाही. विंडोज टाकताना सगळे विभाग पुसून नव्याने पाडण्याची सवय अनेकांना असते. पावतीवर तसे लिहून घ्या, डिस्क बदलली तर जुनी परत मागा, आणि एक्स्टर्नल डिस्क सोबत देऊ नका. फॉरमॅट न करता विंडोज टाकली असेल, तर जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात काही दिवस राहतात. प्रतीत काही राहून गेले असेल तर ते फोल्डर आपोआप पुसले जाण्यापूर्वी तिथून घ्यावे.

फायली परत आणताना आधी टंक बसवा, मग टॅली टाकून 'डेटा' फोल्डर त्याच्या जागी ठेवा, मग कागदपत्रे. जुने 'अ‍ॅपडेटा' नव्यावर सरसकट ओतू नका; त्यातून फायरफॉक्सच्या प्रोफाइलसारखे नेमके लागेल तेवढेच उचला. नव्या विंडोजने डिस्क पुन्हा कुलूपबंद केली असेल, तर तिची नवी ४८ अंकी किल्ली त्याच दिवशी छापून परवान्याच्या कागदांसोबत ठेवा, आणि जुनी किल्ली लिहिलेल्या कागदावर 'जुनी' असे लिहून तो वेगळा ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दोन्हींत घोळ होणार नाही; परत घेतलेली जुनी डिस्क किंवा न पुसलेला विभाग उघडायला तीच लागू शकते.